वरचे चौदा शेर

वरून पडायची भीती वाटत नव्हती का, असं मला आजवर असंख्य लोकांनी विचारलं आहे. वर थंडी किती असते, लघवीला कुठं जाता, ढगातून गेलं की कपडे भिजतात का, हेही विचारून झालं. चिंताकीच्या एका शेतकऱ्यानं तर मला बाजारात गाठून, त्याची हरवलेली म्हैस वरून कुठं दिसली तर कळवा, अशी विनंती केली होती. तिचं डावं शिंग वाकडं होतं. मी हसलो नाही. पुढचा आठवडाभर त्या बाजूनं जाताना मी खाली बघत होतो. पण विमान वजन किती उचलतं, आणि ते कोण ठरवतं, हे मात्र कोणी विचारत नाही. माझी उमेदीची वर्षं त्याच एका प्रश्नावर अडली. म्हणून न विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर या पानांत देतो.

मी मूळचा संतपूरचा. वडील, म्हणजे आमचे अप्पा, बिदरच्या गंजात मापाडी होते. निजामी मुलखात धान्याच्या बाजाराला गंज म्हणत, आणि शेतकरी व अडत्या यांच्यामध्ये उभा राहून माल तोलणारा तो मापाडी. त्याच्या तोंडातून निघालेला आकडा दोघांनीही मानायचा. अप्पा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत, आणि मग दोन, तीन, चार असं सुरात मोजत जात. आकड्यांचा नाद मला तिथं लागला आणि घासाघीस करायचाही. अप्पा कधी घासाघीस करत नसत. तो गुण मी अडत्यांकडून उचलला.

शाळा अर्धवट सोडून मी हैदराबादला एका मोटारीच्या कारखान्यात लागलो. तिथून फ्लाइंग क्लबाचा ट्रक दुरुस्त करायला गेलो आणि तिथंच सौदा केला: ट्रक आणि जनित्र मी चालू ठेवीन, पगार नको, त्याच्या बदल्यात आठवड्याला अर्धा तास विमान शिकवा. त्यांनी पाव तास म्हटलं. मी पाने-पकडी गोळा करून दारापर्यंत गेलो. त्यांनी परत बोलावलं. अशा अर्ध्या अर्ध्या तासांनी मी पायलट झालो. मागं कोणी जहागीरदार काका नव्हता, हे मी आजही सांगतो आणि थोडं मोठ्यानंच सांगतो.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर दोन-अडीच वर्षांनी मला एका खाजगी विमान कंपनीत को-पायलटची नोकरी मिळाली. डाकोटा विमान होतं. पुढे दोन खुर्च्या. डावी कॅप्टनची, उजवी को-पायलटची. दोघांमध्ये हातभर अंतर, पण पगार, मान आणि शेवटचा शब्द सगळा डाव्या खुर्चीत. उजवीकडच्यानं चाकं वर घ्यायची, रेडिओ सांभाळायचा, आणि उड्डाणाआधी वजनाचा कागद तपासायचा. त्याला लोडशीट म्हणत. माणसं किती, सामान किती, पेट्रोल किती, आणि ते कुठं ठेवलंय. बैलगाडीत मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. विमानाचं तेच. फरक इतकाच की उलाळ झालेल्या विमानातून खाली उतरून चार पोती पुढं सरकवता येत नाहीत.

आमच्या काळज्या वर कमी आणि जमिनीवर जास्त असत. दर सहा महिन्यांनी डॉक्टर डोळे आणि कान तपासायचा, तेव्हा मी आधी चार दिवस बिडी बंद करून गाजरं खायचो. कशाचा उपयोग होतो ते माहीत नसल्यानं सगळंच करायचो. बेगमपेठेला भाड्याची खोली होती. युनिफॉर्म एकच चांगला. तो रोज संध्याकाळी मी स्वतः धुवायचो आणि सकाळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचो. वर नऊ हजार फुटांवर कॉफी प्यायची आणि खाली येऊन कोरड्या भाकरीबरोबर शेंगाची चटणी खायची, असं ते जगणं होतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

लग्नाचं मात्र जमत नव्हतं. मंठाळच्या मल्लप्पांची मुलगी, पार्वती, सांगून आली होती. मल्लप्पा शेतीही करत आणि गुळाचा व्यापारही. पाहणी झाली, पसंती झाली, आणि मग त्यांनी मला बाजूला घेऊन बारीक चौकशी केली. विमान नक्की कोण चालवतं, दोघं कशाला लागतात, दुसरा काय करतो. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे गाडी दुसऱ्याची, कासरा दुसऱ्याच्या हातात, आन तुम्ही बाजूला बसून हूं हूं करायलाव. कासरा हातात आला की या, पोरगी तुमचीच.” मला राग आला, पण माणूस व्यापारी होता. त्यानं भाव सांगितला होता. तो कसा गाठायचा ते मी बघायचं.

त्यात एक घाई येऊन पडली. सगळ्या खाजगी विमान कंपन्या एक करून सरकार त्या ताब्यात घेणार, हे ठरलं. कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. विलीनीकरणाच्या दिवशी जो कॅप्टन असेल तो कॅप्टनांच्या यादीत, जो नसेल तो देशभरच्या को-पायलटांच्या लांबलचक रांगेत शेवटी. माझे उड्डाणाचे तास पूर्ण होते, परीक्षा झाली होती. राहिली होती फक्त माझ्या कॅप्टनची शिफारस. कॅप्टन म्हणजे हमीदसाहेब, हैदराबादचेच, महायुद्धात विमानं उडवलेले, हाताचे इतके हलके की उतरताना चाकं टेकल्याचं कळत नसे. मी त्यांच्याकडून सगळं शिकलो. त्यांनी शिफारस लिहून टेबलाच्या खणात ठेवली होती. मला दाखवलीही होती. यादी जायच्या दिवशी पाठवतो म्हणाले.

यादी जायला आठवडा असताना पूर्वेकडे पूर आला. रेल्वे तुटली, आणि पुरात अडकलेल्या एका गावासाठी बिदरहून तूरडाळ न्यायचा सरकारी हुकूम आमच्या विमानाला आला. बिदरच्या धावपट्टीवर मी प्रथमच युनिफॉर्ममध्ये उतरत होतो. निम्मा गंज बघायला आला होता. पाच वर्षांपूर्वी, पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत, विमानाचा आवाज आला की ज्वारीत लपणारी माणसं आता चाकाला हात लावून बघत होती.

पोती तयार होती. पस्तीस पोती, प्रत्येकी दोन मण, एकूण सत्तर मण. आमच्या विमानाला चालण्यासारखा भार. वजनाची चिठ्ठी गंजाची, शिक्क्यासह, आणि माल तोलला होता अप्पांनी. ते पांढरा रुमाल बांधून हमालांच्या पुढं उभे होते. हमीदसाहेबांनी त्यांना वाकून सलाम केला. माझी छाती भरून आली, आणि त्याच क्षणी माझं लक्ष हमालांच्या पायांकडे गेलं.

दोन मणाचं पोतं पाठीवर असलं की आमचा हमाल चालतो कसा, हे मी चालायला लागल्यापासून बघितलं होतं. तो लहान लहान पावलं टाकतो, पण गुडघे सरळ असतात. हे हमाल गुडघ्यात वाकून, थांबत थांबत येत होते. विमानाच्या दारातल्या शिडीवर एकानं दम घेतला. मी जाऊन एका पोत्याच्या कानाला धरून ते हलवून बघितलं. पोतं गच्च होतं, शिवण ताणलेली.

मग मला कळलं. आमच्या गंजात माप पुरं झालं की मापाडी वर घालतो. एक ओंजळ देवाची, एक घेणाऱ्याची, एक वाटेत सांडेल त्याची. हे ‘वरचं’ कोणत्याही चिठ्ठीत लिहीत नाहीत. चिठ्ठीत दोन मण म्हणजे दोन मणांच्या खाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेतकरी, अडत्या, गिऱ्हाईक, सगळ्यांना हे ठाऊक, आणि जास्त आलं म्हणून आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही. आता माल पुरात अडकलेल्या उपाशी लोकांसाठी चाललेला. अप्पांचा हात किती सैल सुटला असेल, याचा अंदाज मला येईना. दुनियेत जास्त दिलेलं माप ज्याला बाधतं असं एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते पंख पसरून समोर उभं होतं. बिदर उंचावर, दुपारचं ऊन, हवा पातळ, आणि पट्टीच्या शेवटी खडकाळ उतार. अशा जागी विमानाला दर मणाचा हिशेब द्यावा लागतो.

मी अप्पांना बाजूला घेतलं आणि विचारलं, वर किती घातलंय.

“दोन मण हाय,” अप्पा म्हणाले.

“दोन मण ठाऊक हाय अप्पा. वरचं इचारायलोय.”

“वरचं मोजत न्हाईत,” ते म्हणाले. “कामून इचारायलास? मोजलं की ते माप झालं. मग देणं कुठं राहिलं?”

मी हमीदसाहेबांकडे गेलो आणि दहा पोती उतरवा म्हटलं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. शिक्क्याची चिठ्ठी आहे, तहसीलदार उभे आहेत, पुरातली माणसं वाट बघताहेत. मी सहा पोत्यांवर आलो. इतका मोठा प्रश्न मी भाजीसारखा घासाघीस करून सोडवायला निघालो होतो, पण मला दुसरी रीत येत नव्हती. ते शांतपणे म्हणाले, “तुम्हारे वालिद का माप है मियां. उनके माप पे भी शक?”

हे त्यांनी सगळ्यांच्या देखत म्हटलं. अप्पा ऐकत होते. तिथं माझं डोकं फिरलं. समजावून सांगायची ती वेळ होती, आणि मी ओरडलो. चिठ्ठी खोटी आहे, असं म्हणालो. ‘अपुरी’ म्हणायचं सोडून ‘खोटी’ म्हणालो. सहा पोती उतरल्याशिवाय मी उजव्या खुर्चीत बसणार नाही, तुम्ही एकटे न्या, असंही म्हणालो, आणि वर चढून युनिफॉर्ममध्येच पोती दाराकडे ओढायला लागलो. एकट्यानं डाकोटा नेता येत नाही. सहा पोती उतरली.

आम्ही एकोणतीस पोती घेऊन निघालो. कागदाप्रमाणे विमान बरंच हलकं होतं, लवकर उचलायला हवं होतं. ते धावतच राहिलं. पूर्ण भरलेलं विमान जितकी पट्टी खातं तितकी त्यानं खाल्ली, आणि मग कुठं जमीन सोडली. हमीदसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण त्यांची नजर त्या संपत आलेल्या पट्टीवर आणि वेगाच्या काट्यावर होती, आणि ते जे बघत होते तेच मी बघत होतो. परत येईपर्यंत ते कामापुरतंच बोलले.

पस्तीस पोती असती तर विमान पडलं असतं का? मला माहीत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो. कदाचित उचललंही असतं. न झालेल्या अपघाताची एक गंमत असते, तो टळला हे कधीच सिद्ध करता येत नाही. कितीतरी वेळा मी कागदावर आकडे मांडून बघितले. पण आकडे मांडायला पोत्याचं खरं वजन हवं, आणि तेच नव्हतं. उतरवलेली सहा पोती तोलून ठेवा, अशी मी तार केली होती. ती पोचेपर्यंत पोती गंजात परत जाऊन डाळ ढिगात मिसळली होती. तिकडच्या गावी विमानातून उतरलेली डाळ लोकांनी टोपलीनं वाटून घेतली. ज्याला आकडा ठाऊक होता असा जगात एकच माणूस उरला, आणि तो मोजत नव्हता.

तहसीलदारांनी तक्रार केली. सरकारी मदतीची सहा पोती का पोचली नाहीत, याचं उत्तर कंपनीकडे मागितलं गेलं. हमीदसाहेबांनी मला बोलावलं आणि एक टाइप केलेला कागद पुढं केला. त्यात माझ्या नावानं लिहिलं होतं: गंजाची वजनाची चिठ्ठी बरोबर होती, माझा अंदाज चुकला, मापाड्यावर आणि कॅप्टनवर अविश्वास दाखवल्याचा मला खेद आहे. खाली माझ्या सहीची जागा. सही झाली की तक्रार मिटेल, आणि शिफारस शनिवारी यादीबरोबर जाईल. नाहीतर कॅप्टनशी सर्वांसमोर भांडलेल्या माणसाला डावी खुर्ची द्या, असं कोणत्या तोंडानं लिहू, असं ते म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. चूक माझी होती असं लिहिलं नाही, तर जास्त भाराचं विमान ते न्यायला निघाले होते, असा त्याचा अर्थ व्हायचा.

मी कागद घेऊन बिदरची गाडी पकडली. सही करायचं जवळजवळ ठरवलंच होतं, कारण गंजातून निरोप आला होता की अडत्यांनी अप्पांना बोलावणं थांबवलंय. ज्याचं माप पोटचा मुलगा खोटं म्हणतो, त्याच्याकडून तोलून कोण घेणार? त्या कागदावर माझी सही झाली असती तर अप्पांचं नाव धुऊन निघालं असतं, मी कॅप्टन झालो असतो, मल्लप्पांच्या घरी वाजंत्री वाजली असती. इतका सर्वांच्या फायद्याचा सौदा मला पुन्हा कधी चालून आला नाही.

अप्पा ओसरीवर रिकामे बसले होते. मी कागद वाचून मराठीत सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला.

“सही केलास की तू कॅप्टन?”

“व्हय.”

“आन माझं माप खरं?”

“व्हय, अप्पा.”

मग अगदी कुतूहलानं, जणू दुसऱ्याच कोणाच्या विमानाबद्दल, त्यांनी विचारलं की पुढच्या खेपेला माल कसा भरतील. मी सांगितलं, चिठ्ठी बरोबर ठरली म्हणजे चिठ्ठीवरच भरतील. पस्तीसच्या पस्तीस.

“तवा तू असशील का तिथं?”

“मी असंन, न्हाईतर दुसरा कोणी असंल. ज्याला हमाल बघून वजन कळत न्हाई असा.”

“आन माझा हात तर वर घालणारच,” अप्पा म्हणाले. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी टाक मागितला, कागद उलटा केला, आणि पाठीमागं मोडीत एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं. ‘दर पोत्यास दोन मण, वर चौदा शेर.’ खाली सही केली. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं नाही. कागद माझ्याकडे सरकवून ते आत पाणी प्यायला गेले.

चाळीस शेरांचा एक मण, म्हणजे पस्तीस पोत्यांचं वरचं सव्वाबारा मण होतं. सहा धडधाकट माणसं लोडशीटवर न लिहिता विमानात बसवल्यासारखं.

शनिवारी मी तो कागद, पुढची सहीची जागा कोरी ठेवून, हमीदसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मागची ओळ वाचून दाखवली. त्यांनी आकडा ऐकला, पेन्सिलीनं गुणाकार केला, पुन्हा केला. पेन्सिल खाली ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, “अब ये कागज मैं किसकू दिखाऊं, मियां?” मी म्हटलं, ज्यांना यादी पाठवता त्यांना दाखवा. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. शिफारस खणातच राहिली.

माझ्यामागून नोकरीला लागलेले चौघे त्या यादीत गेले. त्यातले दोघे जहागीरदारांचे भाचे होते. मी त्यानंतर तीन वर्षं उजव्या खुर्चीत बसलो, आणि डावी मिळाली तेव्हा हैदराबाद राज्याचे तुकडे पडून बिदर दुसऱ्या राज्यात जायच्या बेतात होतं. ज्येष्ठतेच्या यादीत ते चौघे निवृत्तीपर्यंत माझ्या वर राहिले. दर वर्षी यादी लागली की मी ती बघायचो आणि दर वर्षी संतापायचो. हमीदसाहेब उत्तम वैमानिक होते. मी त्यांना माफ केलेलं नाही.

मल्लप्पांशी मात्र मी पुन्हा बोलणी केली. कासऱ्याऐवजी हैदराबादेत पक्की खोली, नळाचं पाणी आणि दर वर्षी माहेरी दोन महिने, एवढ्यावर ते तयार झाले. पार्वती आजही म्हणते की मी स्वस्तात सुटलो.

एक गोष्ट हमीदसाहेबांनी केली. महिन्याभरात बिदरच्या धावपट्टीवर कंपनीनं लोखंडी काटा बसवला. यापुढे प्रत्येक पोतं विमानापाशी पुन्हा तोलायचं, शेरभरही कमी-जास्त चालणार नाही, असा हुकूम आला. सही त्यांची. माझं नाव कुठं नाही. काट्यावर बसायला माणूस हवा होता, आणि तो हुकमात नावानिशी ठरवून दिला होता. अप्पा.

पहिल्या खेपेला मी विमान घेऊन आलो, उजव्या खुर्चीतूनच. अप्पांनी एकेक पोतं ठेवलं, काटा बरोबर दोन मणावर येईपर्यंत डाळ काढली, घातली, पुन्हा काढली. लाभ, दोन, तीन. शेवटचं पोतं शिवून झालं तेव्हा मी जवळ गेलो आणि म्हटलं की माप अगदी चोख झालंय, आता विमान कसं चिमणीसारखं उचलंल बघा. त्यांनी काट्याच्या पाटीवर राहिलेले चार दाणे बोटानं गोळा केले आणि ते कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

“एवढं कमी माप,” ते म्हणाले, “मी जन्मात कुणाला दिलं न्हाई.”